अळीचं रक्त

उंटअळीच्या पोटाखालचा मागचा आखूड पाय बारीक कात्रीनं छाटला, की थेंब बाहेर यायला दोन ते तीन सेकंद लागतात. निरोगी अळीचा थेंब फिकट हिरवा असतो. काचेवर घेऊन ती काच वहीवर धरली, तर खालच्या कागदावरची निळी रेघ त्यातून सरळ दिसते. उघड्यावर राहिला तर सात-आठ मिनिटांनी तो कडेनं काळा पडू लागतो. म्हणून रंगपट्टीला लावायचा तो लगेच, आणि पट्टीचा रंगही उजेडातच बघायचा.

थोरलीनं पट्टी पडवीच्या कठड्याशी नेऊन तक्त्यावरच्या रंगांशी जुळवली. सहा पूर्णांक सहा. पायरीवर बसलेल्या धाकट्या बहिणीला तिनं आकडा सांगितला. धाकटीनं वहीत लिहिला आणि अळीचं वजन त्याच्या पुढच्या रकान्यात मांडलं.

थोरलीचं वय बेचाळीस. लग्नाआधी आणि लग्नानंतरची काही वर्षं धरून सहा वर्षं तिनं शेतकी संशोधन फार्मच्या अळीघरात काढली होती. अळ्या वाढवायच्या, त्यांना औषध चारायचं, रक्त काढून तपासायचं, हे तिचं काम. गावानं तिचं नाव शिशीबाई पाडलं होतं, कारण घरातल्या रिकाम्या बाटल्या ती टाकत नसे आणि दूध घेतानाही माप डोळ्यांच्या पातळीवर धरून बघत असे. या गोष्टीवर लोक हसत. पण आदल्या संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन स्वतः चालत तिच्या दारी आले होते, आणि हसत नव्हते.

पाणंदीच्या दोन्ही बाजूंना बारा घरांची कोबी होती आणि बाराही घरांची कोबी उंटअळीनं चाळणी केली होती. बाहेरच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. गड्डा चिरला तर आत हिरवी ओली लेंडकं. बायका सकाळपासून वाकून अळ्या वेचत, डब्यात टाकत, आणि दुपारी सरळ उभं राहताना एकमेकींच्या कमरेला धरत. थोरलीच्या नवऱ्यानं दोन वेळा पंप पाठीवर घेऊन सगळं शेत फवारलं होतं. पट्ट्यानं त्याचा खांदा सोलवटला होता. फवारलं ते जिवाणूंचं पावडर-औषध, सोसायटीनं सगळ्यांना एकाच ठिकाणाहून आणून दिलेलं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी अळ्या तशाच खात होत्या. तिसऱ्या फवारणीचं पाणी पिंपात तयार होतं, तेव्हा चेअरमन हात वर करून म्हणाले, थांबा, आधी पावडर तपासू.

तपासणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पावडर खोटी निघाली तर सोसायटी ती बंद करणार होती, आणि ही सोसायटी बंद करते म्हटल्यावर आजूबाजूच्या चाळीस गावांत ती कुणी हातात धरणार नव्हतं. पावडर बनवणाऱ्याचा कारखाना मोठ्या रस्त्याला लागून होता. तीन खोल्या, एक भट्टी, सात माणसं. तो एका हंगामात बसला असता.

चेअरमन हे सांगत होते तेव्हा थोरली तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि तीन दिवस मागून घेतले. चेअरमन गेल्यावर नवरा म्हणाला, "आता सापडला." तिनं सूप पुन्हा उचललं. पण त्या दिवशी ती भाताला मीठ घालायला विसरली, आणि तसं तिच्याकडून कधी होत नसे.

पावडरवाला म्हणजे तिचा जुना साहेब. अळीघराचा तेव्हाचा प्रमुख.

अकरा वर्षांपूर्वी अळीघरात रोग शिरला होता. खोली रिकामी करून औषधाची धुरी दिली होती. धुरी दिली की खोली पूर्ण दिवसभर बंद ठेवायची, मग खिडक्या उघडायच्या, मग आत जायचं. हा नियम दारावर लाल अक्षरांत होता. दुसऱ्या दिवशी वरचे लोक पाहणीला येणार होते आणि साहेबांना जाळीचे ट्रे बाहेर मांडलेले हवे होते. धुरी दिल्याला चार तास झाले होते. तेव्हा धाकटी तिथे झाडलोटीला लागून सहा महिने झाले होते. ती आत गेली आणि दोन ट्रे बाहेर आणून तिसऱ्याच्या वेळी आतच पडली. जगली, पण श्वासनळी आतून भाजली. तेव्हापासून ती थोरलीच्या घरी राहते, चार शब्द बोलून थांबते, आणि बोलते तेही कुजबुजल्यासारखं. तिला तो दिवस आठवत नाही. सकाळी घातलेली वेणी आठवते, आणि एकदम दवाखान्याचं छत.

चौकशीच्या कागदावर असं आहे, की खुंटीवरची किल्ली तिनं कुणाला न विचारता काढली आणि ती आत गेली. गावालाही एवढंच ठाऊक होतं. कुणाचं पोर न सांगता कोठारात शिरलं, की पाणंदीतल्या बाया म्हणत, धाकटीसारखं करू नकोस. धाकटी समोर असली तरी म्हणत. त्यात त्यांना काही लागट वाटत नसे. आणि धाकटी मान हलवून हसे. एकदा भाजी चिरता चिरता ती थोरलीला म्हणाली होती, "घेतलीही असेन, ताई. मी तेव्हा अशीच होते."

त्या कागदावर साक्षीदार म्हणून एकच सही होती. थोरलीची. हे तिच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तीन डबे तिनं उकळत्या पाण्यानं धुऊन घेतले होते. झाकणांना भोकं पाडून आतून मलमल ताणली. प्रत्येक डब्यात वीस अळ्या, एकाच वयाच्या, वजनात फार तर पाव गुंजेचा फरक. अ डब्यातली कोबीची पानं साध्या पिण्याच्या पाण्यात बुडवलेली. ब डब्यातली, सोसायटीच्या गोदामातून सीलबंद आणलेल्या पुडीतली पावडर त्याच पाण्यात ताजी कालवून तिच्यात बुडवलेली. आणि क डब्यातली, घरच्या पिंपात फवारणीसाठी आदल्या संध्याकाळी तीच पावडर कालवून ठेवलेल्या पाण्यात. क ची खरं तर गरज नव्हती. पण जे शेतावर गेलं तेही बघावं, एवढ्यासाठी तिनं तो डबा मांडला. तिची सवयच तशी होती.

शेजारीण कठड्यावर कोपरं टेकून बघत होती. तिनं विचारलं, एवढीशी अळी, तिचं रक्त काढून काय कळणार. थोरलीनं सांगितलं, की पावडरीत जिवाणू असतात आणि जिवाणूंच्या सोबत बारीक स्फटिक असतात. स्फटिक हातावर घेतला तरी काही करत नाही. अळीचं पोट मात्र साबणाच्या पाण्यासारखं खारं असतं, चुन्याच्या जातीचं. त्यात तो विरघळतो, त्यातून विष सुटतं, आणि आतड्याच्या अस्तराला भोकं पडतात. मग आतड्यातला खारा रस रक्तात उतरतो. रक्ताच्या खारेपणाचा आकडा साडेसहाच्या आसपास असतो तो चढत जातो, सातच्या पुढे, साडेसातच्या पुढे. अळीचं खाणं तासाभरातच बंद होतं, अंग लुळं पडतं, मरते ती एक-दोन दिवसांनी. म्हणजे मरायची वाट बघावी लागत नाही. रक्त आधी सांगतं.

शेजारीण म्हणाली, "मग आमच्या ह्यांचाही एक थेंब काढून बघ. सकाळपासून लुळेच पडलेत, औषध न घेता."

धाकटीला हसू आलं आणि हसताना श्वास अडकला. थोरलीनं तिची पाठ चोळली. चोळताना हाताला बरगड्या लागल्या. तिनं मोजल्या नाहीत, पण त्या मोजता आल्या असत्या.

संध्याकाळी उजेड असतानाच डब्यांतले पहिले आकडे घेतले. प्रत्येक डब्यातल्या तीन अळ्या. अ, सहा पूर्णांक सहा. क, सहा पूर्णांक सहा. पानं अर्धी खाल्लेली, डब्याच्या तळाला लेंडकांचा थर. हा डबा आधी बघितला म्हणून थोरलीच्या छातीत गरम काहीतरी चढलं. ते सुख होतं. तिला साहेबांचा चेहरा दिसला, चेअरमननी कागद पुढे केल्यावर कसा होईल तो. गोदामाच्या दारातून पावडरीची पोती बाहेर फेकली जातील त्या वेळी तो कुठे उभा असेल, हेही दिसलं. अकरा वर्षं तिनं त्या माणसासाठी कितीतरी गोष्टी मनात रचल्या होत्या. विहिरीत पडणं, अंगावर पाल पडणं, चारचौघांत धोतर सुटणं. त्यांतलं काही झालं नव्हतं. हे होणार होतं आणि ते तिच्या हातून होणार होतं.

मग तिनं ब डबा उघडला. पानाच्या कडेला नखाएवढे चार-पाच कातरे होते, बाकी पान अखंड. अळ्या पानावर सैल पडून होत्या. थेंब काढायला पाय छाटून पोट दाबावं लागलं. तो गढूळ होता, रेघ त्यातून दिसेना. पट्टी सात पूर्णांक दोनला गेली.

"चढलं," धाकटी म्हणाली आणि लिहिलं.

पावडर चांगली होती.

रंगपट्ट्यांचं दुसरं पुडकं, मोठ्या मापाचं, घेऊन थोरली मागच्या विहिरीकडे गेली. पिंपापाशी सासरे बसले होते, पंपाचं तोंड तारेनं साफ करत. तिनं पट्टी पिंपात बुडवली. ती गडद निळी झाली, तक्त्याच्या अगदी शेवटच्या रंगाची. बारा.

"काय बघतेस?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाणी किती नितळ आहे, आबा."

ते खूश झाले. विहिरीचं पाणी या दिवसांत गढूळ येतं आणि पंपाचं तोंड घडीघडीला तुंबतं. म्हणून ते पिंपात पाण्यात विरवलेल्या चुन्याचे दोन तांबे ओतून काठीनं ढवळत. तासाभरात गाळ खाली बसे आणि वर काचेसारखं पाणी उरे. मग त्यातच पावडर कालवून ठेवायची, म्हणजे पहाटे वेळ जात नाही. ही युक्ती त्यांची स्वतःची. पाणंदीतली बाराही घरं फवारणीचं पाणी त्यांच्याच पिंपातून कालवून नेत. त्यांचा पंप बारा वर्षांत एकदाही तुंबला नव्हता, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पूर्वी ते रासायनिक औषध फवारत. त्याचं चुन्यानं किती बिघडत होतं कुणास ठाऊक, त्या औषधानं अळ्या मरायच्या. जिवाणूंची पावडर पहिल्यांदाच यंदा आली होती.

अळीच्या पोटात जे व्हायचं ते रात्रभरात पिंपात होऊन जात होतं. स्फटिक तिथेच विरघळत, तिथेच त्यांचे तुकडे होत. पानावर पोचत होतं ते नुसतं चुन्याचं पाणी.

ती पिंपाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. सासऱ्यांच्या बोटांच्या पेरांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत पांढरं साचलं होतं. तिनं ते रोज बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब डब्यातल्या नऊ अळ्या काळसर पडून मेल्या होत्या. उरलेल्यांचं रक्त सात पूर्णांक सहा. क मधल्या वजनानं वाढल्या होत्या. नवरा शेतावर जाताना थांबला, वहीत डोकावला. त्याला आकड्यांत गती नव्हती, पण डबे त्याला कळले. तिनं पिंपाचंही सांगितलं. त्यानं पायात घेतलेला जोडा परत काढला.

"हे तू गोदामात सगळ्यांसमोर सांगणार?"

"विचारतील ना."

"बारा घरं आबांच्या दारात येतील," तो म्हणाला. "सत्तर वर्षांचा माणूस. आणि ते कुणासाठी, तर त्याच्यासाठी. तुझ्या बहिणीचं ज्यानं वाटोळं केलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला कळणार आहे? अळीचं रक्त वाचता येणारं माणूस गावात एकच."

तो गेला. तिनं भांडी घासली, अंगण झाडलं, केरसुणी जागेवर ठेवली. मग ब च्या डब्यावरची चिठ्ठी नखानं उचकटून क च्या डब्यावर लावली, आणि मेलेल्या अळ्यांचा डबा सरपणामागे सरकवून दिला. पडवीत दोन डबे उरले. दोन्हींत अळ्या खात होत्या. क मध्येही पावडर त्याचीच होती. खोटं म्हणावं असं त्यात फार थोडं होतं. हे तिनं स्वतःशी दोनदा म्हटलं आणि ती कोबीवरच्या अळ्या वेचायला शेतावर गेली. ऊन चढेपर्यंत तिनं दोन वाफे साफ केले. अळी बोटांत धरायची, चिरडायची, पुढची घ्यायची. डबा तिनं नेलाच नव्हता. हात कोपरापर्यंत हिरवे झाले.

परत आली तेव्हा पडवीत तीन डबे होते, ओळीनं, चिठ्ठ्या जागच्या जागी. धाकटी तराजूपाशी बसली होती.

"चिठ्ठी चुकली होती, ताई," ती म्हणाली आणि श्वास घेतला. "वजन जुळेना. मग शोधला डबा." पुन्हा थांबली. "मांजरानं ढकलला असेल."

थोरली हात धुवायला गेली. हिरवा रंग साबणानं निघाला नाही. राखेनं घासले तेव्हा थोडा निघाला.

पावडरवाला त्याच दुपारी आला. फाटकाशी उभा राहिला. शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं, केस पूर्वीसारखेच मागे वळवलेले, फक्त कमी. थोरलीच्या तोंडून "या साहेब" निघून गेलं. निघाल्यावर तिला आपल्याच जिभेची शिसारी आली. सहा वर्षांची सवय अकरा वर्षांत मोडली नव्हती. आणि तिनं त्याला बसायला पाटही दिला.

त्यानं डब्यांना हात लावला नाही. लांबूनच बघितलं. त्यालाही वाचता येत होतं, किंबहुना तिला त्यानंच शिकवलं होतं. पाय कुठे छाटायचा, पट्टी किती वेळ धरायची. तो म्हणाला, की माल चांगला आहे हे त्याला ठाऊकच होतं, तेव्हा निकालाची त्याला काळजी नाही. काळजी आहे ती निकाल सांगणाऱ्याच्या मनाची.

आत धाकटी खोकत होती. खोकला थांबल्यावर त्यानं आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग पुढे वाकून, अगदी हळू म्हणाला, "बाई, वेडंवाकडं लिहिलंत, तर मी उभा राहून विचारीन, या बाईंच्या सहीला किंमत काय? त्या कागदाची नक्कल आहे माझ्याकडे. बहिणीच्या जिवावरची सही. तिला दाखवू?"

तिनं डब्यांवर फडकं टाकलं.

तो उठला, पाट भिंतीला लावून ठेवला, आणि जाताना मोठ्यानं विचारलं, "धाकटी बरी आहे ना?"

आतून धाकटी म्हणाली, "बरी आहे, साहेब." तिला वाटत असे, की आपल्या चुकीमुळे त्या माणसाला चौकशीचा त्रास झाला.

तो गेल्यावर थोरली पाटावर बसून राहिली. हातात सुपारीएवढं काही असतं तर तिनं ते फोडून टाकलं असतं. खोटं सांगावं तर त्याच्या हातात सुरी होतीच. पण खरं सांगावं तरी तो समजणार, आपण दाबलं म्हणून बोलली. उद्या ती खरं बोलली की तो गोदामातून ताठ मानेनं बाहेर पडणार आणि ती सुरी पुन्हा खिशात ठेवणार, पुढच्या वेळेसाठी. अकरा वर्षांपूर्वीही त्यानं असंच हळू आवाजात सांगितलं होतं. सही नाही केलीत तर दोघींच्या नोकऱ्या जातील. केलीत तर एक तरी राहील. तिनं सही केली, आणि सात महिन्यांनी तिचीही गेली. त्या सात महिन्यांत ती रोज त्याच अळीघरात जाऊन रोज अळ्यांचं रक्त काढत होती.

गेल्या अकरा वर्षांत कितीदा तरी तिनं ठरवलं होतं, की धाकटीला सांगून टाकायचं. ताप आला की ठरवायची. धाकटीची तब्येत जरा बरी असली की ठरवायची. मग भाजी टाकायची वेळ व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळे गोदामाकडे निघायच्या आधी, ती विहिरीपाशी गेली आणि तिनं सासऱ्यांना चुन्याचं सांगितलं. पाणी, पावडर, पिंप, रात्र. त्यांनी सगळं ऐकलं. एकदा मध्येच विचारलं, बाराही घरांचं? ती हो म्हणाली. त्यांनी पिंप कलंडवून पाणी ओतून दिलं आणि तळाचा पांढरा थर विळ्यानं खरवडायला लागले. थर घट्ट होता. बराच वेळ नुसता कर्र कर्र आवाज येत राहिला.

"सांगायचं तर सांग," शेवटी ते म्हणाले. "फक्त सांगताना माझ्याकडे बघू नकोस."

"आबा, मी न सांगताही—"

"नाही. मग पुढच्या वर्षी मी परत चुना घालीन. मला आता सवय आहे." त्यांनी विळा पुसला. "डोक्याला बांधायचं दे माझं. येतो."

गोदामाच्या अंगणात माणसं पोत्यांवर, पायऱ्यांवर, मोठ्या तराजूच्या पाटावर बसली होती. सासरे जाऊन पुढे बसले. नवरा मागे, भिंतीला टेकून. धाकटी थोरलीच्या शेजारी, वही मांडीवर घेऊन. पावडरवाल्याला चेअरमननी खुर्ची दिली होती.

थोरलीनं तिन्ही डबे टेबलावर ठेवले. ज्याला बघायचं त्यानं पुढे येऊन बघावं म्हणाली, आणि सगळ्यांसमोर प्रत्येक डब्यातल्या एकेका अळीचं रक्त पट्टीवर घेतलं. ब मध्ये धुगधुगी असलेली एकच उरली होती. पट्ट्या हातोहात फिरल्या. तिनं आकडे वाचले. पावडरीत दोष नाही, म्हणाली. मग एका दमात पिंपाचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं, आणि पिंप कुणाचं हेही सांगितलं. सांगताना तिनं तराजूच्या काट्याकडे बघितलं.

पट्ट्या फिरून टेबलावर परत आल्या. मग मागून कुणी तरी म्हणालं, म्हणजे म्हाताऱ्याच्या नितळ पाण्यानं आमची कोबी गेली. दुसरा म्हणाला, तोंड तुंबलं नाही खरं, आमचंच तुंबलं. एक-दोघं हसले. शेजाऱ्यानं आपली दोन वाफ्यांची नासाडी बोलून दाखवली. सासरे उठून उभे राहिले, डोक्याचं फडकं काढलं, आणि म्हणाले, चूक माझी आहे, पिंप आज फोडून टाकतो. कुणी बसा म्हणालं नाही. मग चेअरमन म्हणाले, बसा आबा, पाणी तर आम्हीच मागून नेत होतो.

पावडरवाला खुर्चीतून उठला. रागावलेला नव्हता, मोठ्या मनानं बोलायला उठला होता. म्हणाला, झालं ते झालं, नव्या पुड्या साध्या पाण्यात कालवा, कोबीचा गाभा अजून वाचेल. मग थोरलीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरच्या माणसाचीही भीड ठेवली नाही. मी या बाईंना काही आजपासून ओळखत नाही. यांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अकरा वर्षांपूर्वीही यांनी अशीच, स्वतःच्या माणसाची भीड न ठेवता, खरी साक्ष दिली होती. काय बाई?"

तो हसत होता. डोळे मात्र धाकटीवर होते.

धाकटीनं मान वर केली. "कसली साक्ष?" तिनं विचारलं, पण आवाज टेबलापलीकडे गेला नाही.

थोरलीनं कात्री टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं, बोलताना तोंड कोरडं पडेल. पडलं नाही.

"साहेब म्हणतात तशी सही मी केली होती," ती म्हणाली. "चौकशीच्या कागदावर. किल्ली धाकटीनं न विचारता घेतली, असं त्यात लिहिलंय. ते खोटं आहे. खोलीत धुरी कोंडली होती. साहेबांनी माझ्यासमोर किल्ली खुंटीवरून काढली आणि तिच्या हातात दिली. ती म्हणाली, साहेब, अजून वास येतोय. ते म्हणाले, नाकाला पदर लाव."

पावडरवाला काही बोलू लागला. चेअरमननी हातानंच त्याला थांबवलं.

ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. धाकटीकडे बघत होती. धाकटीच्या मांडीवरची वही घसरत होती आणि ती धरायचं तिला सुचत नव्हतं.

"तू घेतली नव्हतीस किल्ली," थोरली म्हणाली. "तू नियम वाचून दाखवला होतास. मी तिथे होते, आणि मी सही केली. उद्या सकाळच्या गाडीनं मी फार्मवर जाणार आहे. ती सही खोटी होती आणि ती माझ्याकडून कुणी घेतली, ते माझ्या हातानं लिहून देणार आहे. माझं जे करायचं ते त्यांनी करावं, आणि तुला जे करायचं ते तू कर."